भेदरलेल्या कुत्र्यांना मिळालेली मुदत

महाभारताच्या आदिपर्वात, मुख्य कथेला सुरुवात होण्याआधीच, एका कुत्र्याला मार बसतो. जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमेचं पिल्लू येतं. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, तिकडे पाहिलेलंही नसतं. तरी राजाचे भाऊ त्याला झोडपून काढतात. पिल्लू रडत आईकडे जातं. सरमा थेट यज्ञमंडपात येऊन जाब विचारते आणि उत्तर मिळत नाही तेव्हा शाप देते : माझ्या निरपराध पोराला मारलंत, आता तुमच्यावरही न दिसणारं भय येईल.

‘न दिसणारं भय’ ही कल्पना कुत्र्याच्या बाबतीत मोठी नेमकी आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यात गेलात तर हे भय डोळ्यांसमोर असतं. दहा कुत्री गजांवर पाय टाकून शेपट्या हलवत असतात आणि अकरावं मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून बसलेलं असतं. घरी कुत्रं न्यायला आलेल्यांची नजर त्याच्यावर ठरत नाही. माणूस जवळ जाताच ते थरथर कापतं, कधी गुरगुरतं. ते कशाला भितं, हे आपल्याला दिसत नाही. त्यामुळे त्याचा निकाल फार लवकर लागतो.

निकाल लवकर लागण्याला इतिहास आहे. बेवारस कुत्र्यांसाठी पूर्वी असायचा तो कोंडवाडा. १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांची थट्टा झाली. ही संस्था १८७१ मध्ये बॅटरसीला गेली आणि त्याच नावानं आजही चालू आहे. पण अशा संस्थांपुढे पहिल्यापासून एकच अडचण होती. जागा थोडी, येणारी कुत्री पुष्कळ. मालक आला नाही, नवं घर मिळालं नाही, तर ठरलेल्या दिवसांनंतर कुत्र्याला मारून टाकायचं, अशी रीत पडली. या हिशेबात भित्रं कुत्रं नेहमीच मागे पडणार. धीट कुत्र्याला चार दिवस पुरतात, भित्र्याला चार महिनेही अपुरे पडतात.

असं का होतं, याचं उत्तर विज्ञानानं हळूहळू दिलं. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. सहायकांनी त्यांना पाण्यातून पोहत बाहेर काढलं. कुत्री वाचली, पण काहींचं शिकलेलं सारं पुसून गेलं. प्रयोगाच्या खोलीत ती बावरत, समोरचं अन्नही खात नसत. मग एक गोष्ट लक्षात आली. ओळखीचा सहायक खोलीत नुसता बसून राहिला, की कुत्रं सावरतं. पुढे तर त्याचे कपडे खोलीत लपवून ठेवले तरी त्या वासानं काम भागू लागलं. हळूहळू कुत्रं पूर्ववत झालं. नंतर एके दिवशी दाराखालून थोडंसं पाणी आत सोडलं, तर सारं भय पुन्हा उसळून आलं. भय बुजतं, पण तळाशी राहतं, हा त्याचा अर्थ.

मात्र प्रत्येक भित्र्या कुत्र्यानं मार खाल्लेला असतो, असंही नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात पिल्लं वाढवली होती. काहींना लहानपणी फक्त एक आठवडा माणसांचा सहवास दिला, काहींना चौदा आठवडे अजिबात नाही. ज्यांना तो मिळाला नाही, ती पिल्लं रानटी जनावरासारखी माणसाला बुजत राहिली. त्यांना कुणी छळलेलं नव्हतं. माणूस ओळखीचा होण्याचं वय टळून गेलं होतं, एवढंच.

ही समजूत कसाला लागली ती २००७ साली. एप्रिलमध्ये व्हर्जिनिया राज्यात सरी परगण्यातल्या एका मालमत्तेवर पोलिसांनी छापा घातला. मालक होता मायकेल विक, अमेरिकन फुटबॉलमधला नामांकित खेळाडू. तिथे झुंजींसाठी ठेवलेली पन्नासएक कुत्री सापडली, बहुतेक पिट बुल जातीची. तोवरची रीत अशी, की झुंजीतली कुत्री म्हणजे खटल्यातला मुद्देमाल. खटला संपला की त्यांना मारायचं. काही मोठ्या प्राणिमित्र संस्थांचंही मत याही वेळी तेच होतं.

सरकारी वकिलांनी मात्र तज्ज्ञांचं पथक बोलावलं. त्यांनी ४९ कुत्र्यांची एकेक करून पारख केली. माणसाच्या अंगावर जाणारी कुत्री दिसतील असं सगळ्यांना वाटत होतं. दिसली ती बहुतांशी भेदरलेली. कित्येक तर जमिनीला चिकटून सपाट पडून राहत. सांभाळणारे त्यांना धिरड्याची उपमा देत. एकाला हिंस्रपणामुळे आणि एकाला आजारामुळे मारण्यात आलं. उरलेली ४७ जगवायची ठरली. न्यायालयानं रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेला त्यांची पालक म्हणून नेमलं आणि संगोपनासाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर विककडून वसूल करण्याचा आदेश दिला.

मला या खटल्यातली ही बाब सर्वांत मोलाची वाटते. त्या पैशानं कुत्र्यांसाठी मुदत विकत घेतली गेली. एरवी दिवस मोजणाऱ्या निवाऱ्याला जे परवडत नाही, ते इथे गुन्हेगाराच्या खिशातून मिळालं. बावीस कुत्री युटा राज्यातल्या कनाब इथल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’ संस्थेत गेली, बाकीची इतर संस्थांत. पुढे अनेकांना घरं मिळाली. जॉनी नावाचा कुत्रा वाचनाचा सराव करणाऱ्या मुलांजवळ शांत बसून ऐकू लागला, लिओ कर्करोगाच्या रुग्णांना भेटायला जाऊ लागला. सगळ्यांचंच असं झालं नाही. काहींनी अखेरपर्यंत संस्थेतच दिवस काढले. तरी २००९ मध्ये ‘ह्युमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या संस्थेनं आपलं धोरण बदललं आणि झुंजीतल्या प्रत्येक कुत्र्याचा स्वतंत्र विचार व्हावा, अशी भूमिका घेतली. या ४७ पैकी शेवटचा, फ्रोडो, २०२१ च्या डिसेंबरात म्हातारा होऊन घरच्या माणसांत गेला.

आपल्याकडे २००१ च्या आणि त्यानंतर २०२३ च्या केंद्रीय नियमांनी भटक्या कुत्र्यांना सरसकट मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग घालून दिला. निवाऱ्यातून वा रस्त्यावरून कुत्रं घरी आणणारी कुटुंबंही आता शहरोशहरी भेटतात. आणलेलं कुत्रं पलंगाखाली शिरतं, दोन दिवस जेवत नाही, कुकरच्या शिट्टीनं दचकतं. मग घरात कुजबुज सुरू होते, ‘याला परत देऊन टाकू या का?’

त्या वेळी लेनिनग्राडचा तो सहायक आठवावा. त्यानं विशेष काही केलं नाही. तो खोलीत बसून राहिला. कुत्र्याला ओढून बाहेर काढू नये, टक लावून पाहू नये, जेवण ठरल्या वेळी त्याच जागी ठेवावं, आपला वापरलेला जुना सदरा त्याच्या अंथरुणात टाकावा आणि जवळच आपलं काम करीत बसावं. एखाद्या रात्री, घर झोपलेलं असताना, ते स्वतःहून बाहेर येतं आणि वाटीतलं पाणी पितं. मुदत सुरू झाली, ती तिथून मोजायची.