भुईमुगाचा टिक्का

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. उपवासाच्या दिवशीं मात्र आपण त्याला अगदीं सनातन समजतों! ह्या परक्या पाहुण्याचें इकडील बस्तान एकदां उठूं पाहत होतें, ही हकीकत तितकीशी परिचित नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांत भुईमुगाचें क्षेत्र झपाट्यानें घटलें. दुष्काळ होताच, पण जुना पसऱ्या वाण शेतांत फार दिवस राही, आणि पानांवर काळे ठिपके पाडणारा टिक्का त्याला गांठीत असे. पानें गळलीं कीं शेंगा पोसत नसत. पुढें शेतकीखात्यानें स्पॅनिश, जपानी वगैरे परदेशी वाण आणले आणि पीक सांवरलें. ह्याला रोगावरील विजय म्हणण्याची चाल आहे; मला ती मान्य नाहीं. स्पॅनिश उपट्यालाही टिक्का होतोच. तो लवकर पिकतो, म्हणून रोगाचा भर येण्यापूर्वीं बरेंच कांहीं पदरांत टाकतो, इतकेंच. शत्रूला जिंकणें वेगळें, आणि तो येण्यापूर्वीं धान्य घरांत नेणें वेगळें.

पुढील पुष्कळशी निवड ह्याच वाटेनें गेली. तैवानी बियाण्यांतून जळगांवीं निवडलेला जे. एल. २४, म्हणजे ‘फुले प्रगति’, १९७९ च्या सुमारास प्रसृत झाला. तो लवकर येणारा, उत्पन्नाला चांगला. पण टिक्का आणि नवागत तांबेरा ह्यांच्यापुढें हतबल. रोगाला दाद न देणारे वाण जगांत नव्हते असें नाहीं. परंतु ते बहुधा उशिरा पिकणारे, जाड टरफलाचे, दाण्याला उणे. असा वाण शेतकऱ्यानें नाकारला तर त्याला अडाणी कोण म्हणेल? दाण्याचा उतारा त्यालाच मोजावयाचा असतो.

खरी प्रतिकारशक्ति होती बोलिव्हियाकडील एका रानटी भाईबंदांत, अरॅकिस कार्डेनासींत. पण त्याचीं रंगसूत्रें २०, आणि आपल्या भुईमुगाचीं ४०. सरळ संकर वांझ निघतो. रंगसूत्रें दुप्पट करून, पुनःपुन्हां लागवडीच्या वाणाशीं संकर करीत ती शक्ति शेतांतल्या पिकांत उतरवावी लागली. तिच्या वारसांपैकीं एकापासून धारवाडास जी. पी. बी. डी. ४ निपजला, तो २००४ च्या सुमारास प्रसृत झाला. टिक्का व तांबेरा दोहोंनाही तो पुरून उरतो, आणि उत्पन्नांतही कमी पडत नाहीं.

ह्याच धारवाडी वाणाचा तांबेऱ्याविरुद्धचा गुण हैदराबादेजवळील इक्रिसॅट संस्थेनें जनुकांच्या खुणा पाहत पाहत जे. एल. २४ मध्यें उतरविला. २०१४ सालीं तें काम प्रसिद्ध झालें. जळगांवच्या वाणाला तो गुण लाभला, तो बोलिव्हियांतून धारवाडमार्गें.