कुलसंमेलन ठरवताय? ग्रुप नंतर काढा, आधी हे वाचा



घरात कुलसंमेलनाचा विषय निघाला की "तू कॉम्प्युटरवाला, बाकीचं तू बघ" असं म्हणून अर्धं काम आपल्या गळ्यात पडतं. माझ्याही पडलं. गुहागर तालुक्यातल्या मूळ गावी मे महिन्यात दीडशे माणसं जमवायची होती, पणजोबांपासून त्यांच्या खापरपणतवंडांपर्यंत. त्यात मी काय चुकलो आणि काय जमलं, ते सांगतो.

पहिली चूक म्हणजे मी लगेच व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आठवडाभरात शुभ सकाळचे ढीगभर मेसेज आले आणि संमेलनाची तारीख त्यात बुडाली. पण खरी अडचण वेगळीच होती. ग्रुपमध्ये फक्त स्मार्टफोनवाले येतात. बाबांची आत्या, जिला आम्ही आक्काआजी म्हणतो, तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. आणि जुनी नावं ठाऊक असलेली घराण्यात ती एकटीच उरलीये.

आधी यादी, मग ग्रुप

गुगल शीटमध्ये एक यादी करा. नाव, माहेरचं नाव, आई, वडील, गाव, मोबाइल एवढे रकाने पुरतात. त्यात एक रकाना जादा ठेवा: "या घरात फोन कोणाला करायचा?" साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसासमोर त्याच्या घरातल्या एका तरुणाचा नंबर हवाच. माहिती गोळा करायला गुगल फॉर्म बरा, तो मराठीत भरता येतो आणि उत्तरं आपोआप शीटमध्ये जमा होतात.

शीटची लिंक मात्र "लिंक असलेल्या कोणालाही" अशी उघडी ठेवू नका. मी ठेवली होती. ती कुठून कुठे फिरली देव जाणे, पण एका काकांना फोन आला, "काका, मी तुमचा पुतण्या बोलतोय, अडचणीत आहे, पैसे पाठवा." नाव बरोबर, गाव बरोबर. काकांनी सावध राहून आधी काकूला फोन लावला म्हणून वाचले. तेव्हा शीट दोघा-तिघांच्याच ईमेलला द्या, आणि आधार क्रमांक, पूर्ण जन्मतारीख मागूच नका. आईचं माहेरचं आडनाव काही बँका सुरक्षा प्रश्न म्हणून विचारतात. वंशवेलीला तेच हवं असतं, म्हणून हयात माणसांच्या बाबतीत तो रकाना सगळ्यांना दिसू देऊ नका.

ग्रुपबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, तेव्हा जागेची चिंता नाही. सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिनला पाठवता येतील असं करा. त्याहून चांगलं म्हणजे कम्युनिटी काढा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आणि गप्पांसाठी आत वेगळे ग्रुप ठेवता येतात. ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. वर्गणी यूपीआयने एकाच खात्यात घ्या. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे वडीलधाऱ्यांना दोनदा सांगा.

जुना कुलवृत्तान्त फोनमध्ये कसा आणायचा

बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत. घरात कुठेतरी माळ्यावर असतात. पानाचा फोटो काढून गुगल लेन्सने मराठी मजकूर उचलता येतो. ल आणि ळ, ५ आणि ६ तेवढे डोळ्यांनी तपासा. पीडीएफ असेल आणि त्यातला मजकूर कॉपी केल्यावर विचित्र इंग्रजी अक्षरं दिसत असतील, तर ती फाइल युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. अशा वेळी पानाचा स्क्रीनशॉट काढून तोच लेन्सला द्या.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळी असतात. तिथे येऊन गेलेल्या पूर्वजांची नावं त्यात सापडू शकतात. फोटो काढण्याआधी विचारा, ती त्यांची पिढीजात ठेव आहे.

जन्मतारखांचा घोळ होतोच. आक्काआजीने सांगितलं, "शके १८६२, नागपंचमी." शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १९४०. पण शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत, त्यामुळे १ जानेवारीनंतर पण चैत्राच्या आधी जन्म असेल तर ७९ मिळवा. माघातल्या जन्माला इथे हमखास चूक होते.

वंशवेल, आणि "मी कुठाय यात?"

कुलवृत्तान्तातली वंशवेल मोठी प्रिंट काढून मी आक्काआजीला दाखवायला नेली. तिने चष्मा लावला, बोट फिरवत पणजोबांपर्यंत आली, खाली तिन्ही भावांची नावं वाचली. मग म्हणाली, "मी कुठाय यात?"

नव्हतीच. तीही नव्हती आणि तिच्या दोन्ही बहिणीही. लग्न होऊन गेलेल्या मुली त्या वेलीत धरलेल्याच नव्हत्या. आणि तिच्या आईचं, म्हणजे माझ्या पणजीचं, फक्त सासरचं नाव. मला वाटलं होतं तेच नाव.

इथे सॉफ्टवेअर खरोखर कामाला येतं. वंशवेलीच्या बहुतेक ॲपना जेडकॉम नावाचा फाइल प्रकार कळतो, तो १९८४ पासून चालत आलाय. त्यात प्रत्येक माणसाला स्वतःचा क्रमांक असतो आणि माणूस दोन कुटुंबांना जोडलेला असतो: ज्यात जन्मला ते, आणि लग्नाने जे झालं ते. म्हणजे मुलगी एका वेलीतून गळून दुसरीकडे जात नाही, दोन्हीकडे राहते. एकाच माणसाची दोन नावंही नोंदवता येतात. मी कॉम्प्युटरवर ग्रॅम्प्स वापरलं, ते फुकट आणि मुक्त आहे. ॲप कुठलंही घ्या, पण जेडकॉम फाइल बाहेर काढून देत नसेल तर त्यात एक नावही भरू नका. उद्या ते बंद पडलं तर सगळी मेहनत गेली.

पणजीचं माहेरचं नाव आक्काआजीने सांगितलं. आईला त्या नावाने हाक मारताना तिने फक्त मामाला ऐकलं होतं. मामा गेल्यावर ते नाव कोणी उच्चारलंच नाही.

रेकॉर्डिंग

हे संमेलनाच्या दिवशी करू नका, मांडवात लाउडस्पीकर असतो. आधी घरी जा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येतो. पंखा बंद करा, फोन घडी केलेल्या टॉवेलवर, माणसापासून हातभर अंतरावर ठेवा. रेकॉर्ड करतोय हे सांगा. अर्ध्या तासाच्या वर ताणू नका. "तुमचं बालपण सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. जुना फोटो हातात द्या, नाहीतर "माजघरात कोण कुठे झोपायचं?" विचारा. मराठी व्हॉइस टायपिंगने मजकूर ढोबळ उतरतो, पण नावांची वाट लागते. ती हाताने लिहा.

जुन्या फोटोंवर चकाकी येते, त्याला गुगलचं फोटोस्कॅन ॲप बरं. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान होतो आणि मागच्या रांगेतले चेहरे पुसट होतात.

संमेलनाच्या दिवशी

गावात रेंज मिळेल असं धरून चालू नका. यादी कागदावर छापून न्या. आम्ही नवी वंशवेल दहा फुटी फ्लेक्सवर छापून पडवीत लावली आणि दोऱ्याला चार मार्कर बांधले. क्यूआर कोडवाला अल्बमही होता, पण गर्दी फ्लेक्ससमोर. माणसं आपलं नाव शोधायची, बोट ठेवून पोरांना दाखवायची आणि चुका दुरुस्त करायची. आक्काआजीने स्वतःच्या नावावर हात ठेवून फोटो काढून घेतला, मग मार्कर मागितला आणि तिच्या नावातला ऱ्हस्व दीर्घ केला.

संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवर सदतीस दुरुस्त्या होत्या. पस्तीस मी ग्रॅम्प्समध्ये भरल्यात आणि फाइल तीन घरांत पाठवलीये. उरलेल्या दोन एकाच मुद्द्याच्या आहेत: पणजोबांच्या दोन भावांतला थोरला कोण. दोन्ही घरांनी आपापल्या रंगाच्या मार्करने लिहून ठेवलंय.