पर्नची पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत?

एखादी ग्रंथमालिका सोळा पुस्तकांची असली आणि त्यांतील घटना अडीच हजार वर्षांच्या काळात विखुरलेल्या असल्या, तर वाचनाला सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न वाचकाला पडणारच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लेखिका अ‍ॅन मॅकॅफ्री (१९२६-२०११) यांची ‘पर्न’ ही मालिका याचे ठळक उदाहरण आहे. अग्निवर्षाव करणारे ड्रॅगन, गढ्या, सरदार आणि भाट यांनी भरलेली ही कथा प्रथमदर्शनी अद्भुतकथा वाटते. प्रत्यक्षात तिचा पाया विज्ञानकथेचा आहे. या दोन रूपांपैकी कोणते वाचकाला आधी दिसावे, हे वाचनाच्या क्रमावर अवलंबून आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

पर्न हा रुकबत ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. त्याच ताऱ्याच्या कक्षेत सापडलेला ‘रेड स्टार’ हा भटका ग्रह ठरावीक काळाने पर्नजवळ येतो. तो जवळ असताना सुमारे ५० वर्षे आकाशातून ‘थ्रेड’ नावाच्या धाग्यांसारख्या बीजाणूंचा पाऊस पडत राहतो. जिवंत असे जे जे काही त्यांच्या वाटेत येईल, ते ते हे धागे फस्त करतात. त्यानंतर साधारण २०० वर्षे शांततेची असतात. ड्रॅगन आणि त्यांचे स्वार हे धागे आकाशातच जाळतात. या स्वारांची वसतिस्थाने म्हणजे ‘वेअर’.

मालिकेतील पहिली कथा ‘वेअर सर्च’ ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात प्रसिद्ध झाली. तिला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. कथासाहित्यासाठी ह्यूगो मिळवणाऱ्या मॅकॅफ्री या पहिल्या लेखिका ठरल्या. पाठोपाठ आलेल्या ‘ड्रॅगनरायडर’ या कथेने नेब्युला पुरस्कार पटकावला. या दोन्ही कथा ‘ड्रॅगनफ्लाइट’ (१९६८) या पहिल्या कादंबरीत समाविष्ट आहेत.

दोन प्रचलित क्रम

पहिला क्रम प्रकाशनाचा. त्यात आरंभ ‘ड्रॅगनफ्लाइट’पासून होतो. दुसरा क्रम पर्नच्या इतिहासाचा. त्यात आरंभ ‘ड्रॅगन्सडॉन’पासून (१९८८) होतो, कारण पृथ्वीवरून आलेले पहिले वसाहतकार, थ्रेडशी त्यांची झालेली पहिली गाठ आणि ड्रॅगनांची उत्पत्ती यांची कथा याच पुस्तकात आहे. आरंभापासून अखेरपर्यंत सरळ जाणारा हा मार्ग नव्या वाचकाला सोपा आणि तर्कशुद्ध वाटतो. तरीही पहिल्या वाचनासाठी तो टाळावा.

याचे कारण मालिकेच्या विषयातच आहे. पर्नची कथा विस्मरणाची आणि पुन्हा आठवण्याची कथा आहे. ‘ड्रॅगनफ्लाइट’मधील समाजाला आपले पूर्वज कोठून आले, हे ठाऊक नाही. गेली ४०० वर्षे थ्रेड पडलेला नाही. सहापैकी पाच वेअर ओस पडले आहेत आणि उरलेल्या एकमेव वेअरला धान्य पुरवणे सरदारांना जड वाटू लागले आहे. जुने ज्ञान उरले आहे ते केवळ भाटांच्या गीतांत, जीर्ण दप्तरांत आणि भिंतीवरच्या एका विणलेल्या चित्रात. कादंबरीच्या प्रास्ताविकात वसाहतीचा उल्लेख येतो. मात्र तो ओझरता असून पात्रांना त्याची कल्पनाही नसते. वाचकाचा शोध आणि पात्रांचा शोध त्यामुळे जवळजवळ बरोबरीने चालतो.

पुढील पुस्तकांत हा शोध पायरीपायरीने वर चढतो. ‘ड्रॅगनक्वेस्ट’मध्ये (१९७१) विसरलेल्या दालनांतून जुनी उपकरणे बाहेर येतात आणि प्रथमच कोणी दुर्बिणीतून रेड स्टारकडे पाहतो. ‘द व्हाइट ड्रॅगन’मध्ये (१९७८) दक्षिण खंडावर राखेखाली गाडली गेलेली पूर्वजांची वस्ती सापडते. ज्याने ‘ड्रॅगन्सडॉन’ आधी वाचले आहे, त्याला ही वस्ती कोणाची, ती का सोडावी लागली, हे सारे आधीच माहीत असते. पात्रे थक्क होत असताना तो केवळ त्यांची वाट पाहत राहतो. उलट, तीन-चार पुस्तके हा प्रश्न मनात बाळगून ‘ड्रॅगन्सडॉन’कडे वळणाऱ्याला त्यातील प्रत्येक नाव ओळखीचे वाटू लागते.

‘द मास्टरहार्पर ऑफ पर्न’ (१९९८) या पुस्तकाचीही हीच गत आहे. भाटांचे प्रमुख रॉबिंटन यांचे हे चरित्र कालक्रमाने ‘ड्रॅगनफ्लाइट’च्या आधीचे. पण त्याची अखेर ‘ड्रॅगनफ्लाइट’च्या आरंभीच्या प्रसंगांशी येऊन भिडते. ते आधी वाचल्यास पहिल्या कादंबरीचा आरंभच उघड होतो. शिवाय रॉबिंटन यांच्याविषयी जिव्हाळा निर्माण होतो तो मूळ कादंबऱ्यांतून. त्या वाचल्यावरच या चरित्राला खरी खोली येते.

सुचवलेला क्रम

प्रकाशनाचा क्रम पाळावा. त्यात एकच बदल करावा. ‘ड्रॅगनड्रम्स’ (१९७९) हे पुस्तक ‘द व्हाइट ड्रॅगन’च्या नंतर प्रसिद्ध झाले असले, तरी ते आधी वाचणे सोयीचे. त्यातील पिमूर हा मुलगा ‘द व्हाइट ड्रॅगन’मध्ये पुन्हा भेटतो.

१. ‘ड्रॅगनफ्लाइट’, ‘ड्रॅगनक्वेस्ट’.
२. ‘ड्रॅगनसाँग’ (१९७६), ‘ड्रॅगनसिंगर’ (१९७७), ‘ड्रॅगनड्रम्स’.
३. ‘द व्हाइट ड्रॅगन’.
४. ‘मोरेटा’ (१९८३), ‘नेरिल्काज स्टोरी’ (१९८६). एकाच साथीच्या रोगाची ही दोन बाजूंनी सांगितलेली कथा आहे. ‘मोरेटा’ आधीच वाचावी.
५. ‘ड्रॅगन्सडॉन’.
६. ‘द रेनिगेड्स ऑफ पर्न’ (१९८९), ‘ऑल द वेअर्स ऑफ पर्न’ (१९९१). शोधाची परिणती येथे होते.
७. ‘फर्स्ट फॉल’ हा कथासंग्रह (१९९३), ‘द डॉल्फिन्स ऑफ पर्न’ (१९९४), ‘रेड स्टार रायझिंग’ (१९९६), ‘द मास्टरहार्पर ऑफ पर्न’, ‘द स्काइज ऑफ पर्न’ (२००१).

वाचक बारा-चौदा वर्षांचा असेल, तर दुसऱ्या गटापासून सुरुवात केली तरी चालेल. वडिलांनी गाण्यास मनाई केलेल्या मेनॉली या कोळ्याच्या मुलीची ही कथा स्वतंत्रपणे समजते. तिच्यातील घटना ‘ड्रॅगनक्वेस्ट’च्या काळात घडत असल्या, तरी मालिकेचे मोठे रहस्य त्यामुळे फुटत नाही.

खरेदी करताना

‘रेड स्टार रायझिंग’ हेच पुस्तक अमेरिकेत १९९७ मध्ये ‘ड्रॅगन्सआय’ या नावाने निघाले. दोन वेगळी पुस्तके समजून दोन्ही घेऊ नयेत. ‘द ड्रॅगनरायडर्स ऑफ पर्न’ या एकत्रित आवृत्तीत ‘ड्रॅगनफ्लाइट’, ‘ड्रॅगनक्वेस्ट’ आणि ‘द व्हाइट ड्रॅगन’ अशा तीन कादंबऱ्या सलग आहेत. तिच्यातील दुसरी संपल्यावर थांबून मेनॉलीची पुस्तके वाचावीत आणि मग तिसरीकडे परतावे.

लेखिकेचे पुत्र टॉड मॅकॅफ्री यांनी २००३ मधील ‘ड्रॅगन्स किन’पासून आईसोबत आणि पुढे स्वतंत्रपणेही पर्नवर लेखन केले. कन्या गिगी मॅकॅफ्री यांची ‘ड्रॅगन्स कोड’ २०१८ मध्ये आली. मूळ सोळा पुस्तके संपल्यावर यांकडे वळावे.

इतिहासाचा कालक्रम दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावा. काय हरवणार आहे हे तेव्हा वाचकाला ठाऊक असते, आणि पहिल्या वसाहतकारांनी जपून ठेवलेली प्रत्येक नोंद वाचताना तिचे पुढे काय झाले, हे आठवत राहते.