तारखेचे पैसे

आजोबांच्या वहीत वाटपाच्या दाव्याचा सगळा हिशेब आहे. खुटबाव ते दौंड रेल्वेचं तिकीट, चहा, स्टॅम्प, आणि प्रत्येक तारखेला ‘वकीलसाहेब’ लिहून पुढे आकडा. वकिलाने त्या दिवशी काय केलं ते एकाही पानावर नाही. बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘पुढची तारीख’. काम पुढे गेलं, पैसे त्याच दिवशी गेले.

हा राग आपल्या भागात जुना आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्याआधी शिरूरकडच्या कर्डे गावात सावकारावर बहिष्कार पडला होता. शाळेत एवढं शिकवतात. पण सावकाराचं खरं हत्यार कोर्ट होतं. १८५९ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावायची मुदत तीन वर्षं केली. मग मुदत संपत आली की व्याज मुद्दलात घालून नवं खत. दाव्याला कुणबी हजरच नसे. एकतर्फी हुकूमनामा होई, आणि कोर्टाचा खर्चही त्याच्याच बोकांडी बसे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने यावर जालीम उपाय केला. कलम ६८: शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात वकीलच नको. वाचून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुढचं कलम वाचलं आणि हात थांबले. मोठ्या दाव्यात समोर वकील असेल आणि शेतकऱ्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाला त्याच्यासाठी वकील नेमता येई! म्हणजे वकिलावाचून निभत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग मोजायचं काय? ‘जिंकलो तर फी’ हा करार आपल्याकडे वकिलाला करता येत नाही. अमेरिकेत रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी फर्ममध्ये तासांची नोंद आणली ती दफ्तराच्या शिस्तीसाठी. १९७५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने वकिलांचं किमान दरपत्रक बेकायदा ठरवलं, आणि तासाचं बिल सर्रास झालं. पुण्यातल्या माझ्या मावसभावाला असं बिल आलं: ‘कागदपत्रं वाचली, साडेतीन तास.’ वाचली का, हे घड्याळ सांगत नाही. पण निदान ओळ तरी आहे, भांडायला.

आमचा दावा अजून चालू आहे. परवा मी वकिलांना विचारलं, फी टप्प्यांवर ठरवू या का? कैफियत, साक्षी, युक्तिवाद. ते म्हणाले, “तुझ्या आजोबांनीही हेच विचारलं होतं.”

वहीत ते कुठेच नाही.