काका, कुलाबा आणि कणा

पुस्तक लिहिणं आणि पुस्तक काढणं यांत मुलगी पसंत पडणं आणि लग्न लागणं यांच्याइतकंच अंतर आहे. पहिल्यात नुसता आनंद असतो. दुसऱ्यात मांडव, आचारी, बँडवाला आणि ऐन वेळी रुसणारे आतेभाऊ असतात. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मी काकांच्या सात वह्यांना हात लावला नसता.

आमचे काका रेवदंड्याचे. वय 88. अर्धा जन्म शाळामास्तरकीत गेला, उरलेला सुपारीच्या वाडीत. त्यात इतिहासाचं वेड. आंगऱ्यांच्या आरमारापासून रेवसच्या लाँचपर्यंत जे जे म्हणून या किनाऱ्याला लागलं, ते त्यांनी दोनशे पानी सात वह्यांत उतरवून ठेवलं. "हे छापलं पाहिजे हं!" असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे आणि सोलकढीची दुसरी वाटी पुढे करी. छापायचं आम्हा सर्वांनाच होतं, पण सावकाश. आमच्या कोकणात 'सावकाश' हे कालमापनाचं एक एकक आहे आणि त्याचं दुसरं टोक अजून कुणी पाहिलेलं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी पाच वह्या टाइप करून घेण्यापर्यंत मजल गेली होती. त्याची सीडी कपाटात, पितळी अडकित्त्याखाली, सुरक्षित होती.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि सावकाशपणा संपला. कौलं पत्त्यांसारखी उडाली. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी काका सुपाऱ्यांकडे न बघता खाटेखालची ट्रंक ओढून बसले होते. टाइप न झालेल्या नेमक्या दोन वह्या भिजल्या होत्या. काकूने त्यांची पानं सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. एका बाजूला काकांचं धोतर आणि दुसऱ्या बाजूला कान्होजी आंगरे, असं ते दृश्य होतं. मला हसू आलं. पण काकांचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

"पुस्तक माझ्या डोळ्यांदेखत काढ," काका म्हणाले. "मला गोडसे भटजी व्हायचं नाही."

गोडसे भटजी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेले आणि 1857 च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी झाशीत राहून पाहिला. मिळवलेला पैसा लुटला गेला आणि भटजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सारी हकिकत मोडीत लिहून काढली. पण 'माझा प्रवास' छापून निघाला 1907 साली, भटजींच्या मागे! त्यातही वैद्यांनी मजकुरावर आपला हात फिरवला होता. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी छापला, तो थेट 1966 साली.

"आणि केहिमकर?" काका थांबेनात. हाईम सॅम्युएल केहिमकर अलिबागला जन्मलेले. किहीम आडनावातच. या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यां'चा, म्हणजे बेने इस्राएल समाजाचा, इतिहास त्यांनी 1897 साली इंग्रजीत लिहून हातावेगळा केला. तो छापला गेला 1937 साली, आणि कुठे, तर तेल अवीवला! पुस्तकाला छापखाना सापडेपर्यंत चाळीस वर्षं गेली. लेखक तोवर थांबतो थोडाच?

"दोघांनाही आपल्या छापील पुस्तकातली एक चूकसुद्धा दाखवता आली नाही रे," काका म्हणाले. "पेणच्या भाऊ महाजनांनी वाट पाहिली नाही. 1841 साली मुंबईत स्वतःचं 'प्रभाकर' काढलं, म्हणून तर 1848 पासून लोकहितवादींची पत्रं लोकांपुढे आली. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला, स्वतः खटपट करून दगडावर छापायचं यंत्र केलं आणि 1831 साली पंचांग छापलं. त्यांच्याजवळ नुसता दगड होता. तुझ्याजवळ कॉम्प्युटर आहे."

दगड बरा, असं म्हणायची पाळी माझ्यावर आठवड्याभरात आली.

सीडी उघडली तर आत काकांचा इतिहास नव्हताच. इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि उलटे स्वल्पविराम यांची नुसती चेंगराचेंगरी होती. त्या काळच्या देवनागरी फॉन्टमध्ये म्हणे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट गेला की मराठी गेली! मग हा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारा प्रोग्राम मिळवला. त्याने जवळजवळ सगळं आणलं. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होई आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. त्या बदलीत निम्म्या वेलांट्या शेजारच्या घरात राहायला गेल्या. भिजलेल्या दोन वह्या मी स्वतः टाइप केल्या. दोन महिने एक बोट आणि एक भिंग घेऊन बसलो होतो.

आणि मग माझ्या हातून ते पाप घडलं.

काकांच्या लिखाणात सगळीकडे 'कुलाबा जिल्हा' होता. आमच्या जिल्ह्याचं नाव 1981 साली रायगड झालं, पण ती बातमी काकांनी मनावर घेतलेली नाही. आजच्या वाचकाला कळायला हवं, म्हणून मी एक बटण दाबून सगळ्या 'कुलाबा'चा 'रायगड' करून टाकला. अर्ध्या सेकंदात काम फत्ते! छापून काढलेली पानं काकांपुढे ठेवली आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत काका वाचू लागले. "'अलिबागच्या समुद्रात रायगड किल्ला आहे. ओहोटीच्या वेळी रायगडावर पायी जाता येते. भरती लागल्यास मात्र आत अडकून पडावे लागते.'" त्यांनी पान उलटलं. "'तरुणपणी मी मुंबईत ट्रामने रायगडला जात असे.'" चष्मा काढून ते म्हणाले, "अरे, शिवाजी महाराजांना राज्याभिषेकाला गळाभर पाण्यातून नेलंस की रे! वैद्य परवडले."

विनोद त्यांनी केला होता, पण मला रात्री झोप आली नाही. आपण वडिलधाऱ्यांचं पुस्तक काढतो म्हणजे त्यांच्यावर उपकारच करतो, असं मी धरून चाललो होतो. काका सहा महिन्यांपूर्वी गेले असते, तर ओहोटीतला रायगड तसाच छापून निघाला असता आणि प्रकाशन समारंभात मी शालही घेतली असती. दुसऱ्या दिवसापासून एकेक कुलाबा हाताने परत जागेवर नेला.

नंतरचे प्रश्न वाङ्मयीन नव्हते, मिलिमीटरचे होते. आकार डेमी ठरला, साडेपाच बाय साडेआठ इंच. मी चारी बाजूंना सारखा समास सोडून पानं पाठवली. पुण्याचा प्रेसवाला फोनवर म्हणाला, "साहेब, आतला समास वाढवा. डिंकाने चिकटवलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही. ओळीची सुरुवात नाही तर शेवट बांधणीत जाईल." विषम आकड्याचं पान नेहमी उजवीकडे येतं, प्रकरण उजवीकडे सुरू केलेलं शोभतं, आणि एकूण पानं सोळाच्या फर्म्यात बसवावी लागतात, हेही कळलं. आयुष्यभर पुस्तकं वाचून मला पान म्हणजे काय हे माहीत नव्हतं. आमची पानं 234 होत होती. सोळाच्या हिशेबाने 240 करायला सहा हवी होती. काका म्हणाले, "सहा पानं? आत्ता देतो," आणि खरोखरच संध्याकाळपर्यंत दिली. त्यांना थांबवणं कठीण गेलं.

मुखपृष्ठाने तर घाम काढला. मला वाटायचं, मुखपृष्ठ म्हणजे पुढचं चित्र. तसं नसतं. पुढची बाजू, मागची बाजू आणि मधला कणा असा एकच अखंड कागद असतो. सपाट पसरल्यावर पुढची बाजू उजवीकडे येते. मी ती डावीकडे ठेवली होती. पुस्तक उर्दूसारखं उघडलं असतं. प्रेसवाल्याने विचारलं, "ब्लीड ठेवलंय ना?" मी म्हटलं, "नाही हो, नुसतं रक्तदाबाचं आहे." चित्र कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवायचं असतं, म्हणजे कापताना पांढरी रेघ राहत नाही, हे त्याने न हसता समजावलं. पुतण्याने फोनवर पाठवलेला रेवदंड्याचा फोटो पडद्यावर झकास दिसे. छपाईला इंचामागे 300 ठिपके लागतात. तेवढे त्यात नव्हते. मोठा केल्यावर किल्ल्याची तटबंदी रवाळ बेसनाच्या लाडवासारखी दिसू लागली.

शेवटी कणा. 240 पानं म्हणजे 120 कागद. कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणून कणा बारा मिलिमीटर. पाचवीतलं गणित! पण ऐन वेळी काकांच्या डोळ्यांना सोसेल असा पिवळसर, फुगीर कागद घेतला. कणा झाला सोळाच्या आसपास. मुखपृष्ठाची फाइल मात्र बाराचीच गेली. नमुन्याची प्रत आली तेव्हा कण्यावरचं काकांचं नाव कुशीवर वळल्यासारखं एका अंगाला सरकलं होतं, आणि पुढच्या चित्राची पट्टी कण्यावर चढली होती. चार मिलिमीटर ते काय! पण पाठदुखीवाल्याला विचारा, कणा जरा सरकला की काय होतं. फाइल पुन्हा केली.

पक्क्या प्रती आल्या त्या दिवशी काका वाडीत, वादळानंतर लावलेल्या सुपारीच्या रोपांना पाणी घालत होते. हात पुसून त्यांनी पुस्तक घेतलं. आधी वास घेतला, मग कण्यावरून बोट फिरवलं. काकू दारात उभी होती. मी समारंभाचं काहीतरी बोलणार, एवढ्यात काकांनी पहिलं पान उघडलं आणि खिशातलं पेन काढलं.

"तिसरी ओळ," ते म्हणाले. "'दर्यावर्दी'तला रफार चुकलाय."

मी मटकन बसलो. चार वेळा तपासलेलं! पण काकांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांच्या पंच्याहत्तरीलाही पाहिला नव्हता. त्यांनी समासात दुरुस्ती केली, खाली सही केली, तारीख घातली आणि प्रत काकूच्या हातात दिली.

"गोडसे भटजींना हे जमलं नाही," ते म्हणाले, आणि पान दुसरं उलटलं.