एचआयव्ही संसर्ग, दाह आणि हृदयविकार

एचआयव्हीची औषधे नियमित चालू असली आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नसला, तरी शरीरात मंद दाह टिकून राहतो. या दाहामुळे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. १९९६ नंतर प्रभावी संयुक्त औषधोपचार उपलब्ध झाले आणि एड्सने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. बाधित माणसे पन्नाशी-साठी ओलांडू लागली, तसा हा प्रश्न पुढे आला. जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार संसर्ग नसलेल्यांपेक्षा या व्यक्तींना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे दुप्पट असतो. अमेरिकेतील ८२ हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या पाहणीत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह वगैरे सगळे हिशेबात धरूनही झटक्याचा धोका जवळपास दीडपट निघाला. म्हणजे नेहमीच्या कारणांनी या वाढीचा पूर्ण उलगडा होत नाही.

या दाहाचे एक मूळ आतड्यात आहे. विषाणू ज्या सीडी-४ पेशींवर हल्ला करतो, त्या आतड्याच्या अस्तरात फार मोठ्या संख्येने असतात आणि संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्यांचा संहार होतो. अस्तर कमकुवत झाले की आतड्यातील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात. औषधांनी रक्तातील सीडी-४ पेशी वाढतात, पण अस्तराची ही हानी पूर्ण भरून येत नाही. त्यात शरीरात दडून राहिलेला एचआयव्ही आणि सायटोमेगॅलोव्हायरससारखे जुने सोबती विषाणू यांची भर पडते. परिणामी रोगप्रतिकारक यंत्रणा कधीच पुरती शांत होत नाही. चेतवलेल्या मोनोसाइट पेशी धमन्यांच्या भिंतीत शिरतात, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि तेथे मेदाचा थर साचतो. कॅल्शियम न साचलेले मऊ थर या रुग्णांत अधिक आढळतात. असा थर फुटून त्यावर गुठळी धरली, की झटका येतो. इंटरल्यूकिन-६, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि डी-डायमर यांची रक्तातील वाढलेली पातळी ही या दाहाची आणि गुठळ्या होण्याच्या प्रवृत्तीची खूण मानतात.

औषधेच हृदयाला अपाय करतात, ही समजूत एकेकाळी डॉक्टरांमध्येही होती. ती अगदीच निराधार नव्हती. इंडिनाव्हिर, लोपिनाव्हिर यांसारखे जुने प्रोटीज-रोधक आणि अबाकाव्हिर यांचा झटक्यांशी संबंध आढळला होता. दुष्परिणाम टाळण्यासाठी औषधांना अधूनमधून विश्रांती द्यावी, असाही विचार पुढे आला होता. ‘स्मार्ट’ या चाचणीने तो निकालात काढला. ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधे सीडी-४ पेशी ३५० च्या वर असताना थांबवली जात आणि २५० च्या खाली आल्यावर पुन्हा दिली जात. या गटात मृत्यू वाढलेच, शिवाय हृदय, मूत्रपिंड व यकृताचे गंभीर विकारही वाढले. जानेवारी २००६ मध्ये चाचणीतील औषध थांबवण्याचा भाग बंद करावा लागला. ज्या रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि डी-डायमर जास्त होते, त्यांना मृत्यूचा धोका अधिक होता, हेही याच चाचणीच्या पुढील अभ्यासात दिसले. हृदयाला मोकळ्या सुटलेल्या विषाणूचा धोका औषधांपेक्षा जास्त आहे, हा निष्कर्ष तेव्हापासून पक्का झाला. भारतात आज सर्रास दिल्या जाणाऱ्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर यांच्या एकत्रित गोळीत वर उल्लेखिलेले एकही औषध नाही. मात्र ती घेताना काहींचे वजन वाढते, त्याकडे लक्ष हवे.

प्रतिबंधाच्या दिशेने सर्वांत महत्त्वाचा पुरावा २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीतून मिळाला. भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वर्षे वयाच्या ७,७६९ बाधितांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषध) किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. हृदयविकाराचा धोका नेहमीच्या मोजणीने कमी ते मध्यम आणि कोलेस्टेरॉलही बेताचेच, अशी ही माणसे होती. एरवी त्यांच्यापैकी बहुतेकांना स्टॅटिन लिहून दिले गेले नसते. सुमारे ५ वर्षांत औषध घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. मधुमेहाचे नवे निदान आणि स्नायूदुखी यांचे प्रमाण किंचित वाढले. पारडे तरीही औषधाच्या बाजूनेच झुकते. एचआयव्ही बाधितांत थेट दाह शमवणाऱ्या उपायांना अजून असे यश नाही. सर्वसाधारण हृदयरुग्णांत कमी मात्रेच्या मेथोट्रेक्झेटचा उपयोग झाला नाही, तर कॅनाकिनुमॅबने झटके कमी झाले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले.

तंबाखूचा वाटा वेगळा सांगायला हवा. डेन्मार्कमधील एका अभ्यासात, उपचार चांगले मिळणाऱ्या बाधितांचे आयुष्य एचआयव्हीमुळे सुमारे ५ वर्षांनी, तर धूम्रपानामुळे सुमारे १२ वर्षांनी घटल्याचे दिसले.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळात तिशीत औषधे सुरू केलेले रुग्ण आज पन्नाशीत आहेत. त्यांनी एआरटी (एचआयव्ही औषधोपचार) केंद्रावर व्हायरल लोडबरोबर (रक्तातील विषाणूच्या प्रमाणाबरोबर) रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीबद्दल व स्टॅटिनबद्दल स्वतःहून विचारावे. हृदयरोगतज्ज्ञांना आपली औषधे जरूर सांगावीत, कारण रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरील औषध घेणाऱ्याला सिम्व्हास्टॅटिन दिल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. सांगताना भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे आणि संसर्गाच्या कारणावरून उपचार नाकारण्यास मनाई केली आहे.