छतावरून सामना पाहणारी जीनी

टीव्हीवर सामन्याच्या बातम्या सांगणारी बाई आज आपल्याला नवी नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी मात्र अशी बाई अमेरिकेतही शोधावी लागली असती. आज आम्ही तिथल्या शिकागो शहरातल्या जीनी मॉरिसची गोष्ट सांगणार आहोत.

जीनीचा जन्म १९३५ चा. नवरा जॉनी मॉरिस शिकागोच्या ‘बेअर्स’ संघाचा नावाजलेला खेळाडू. खेळ अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पण पायाचं काम थोडं. लांबुळका चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. कबड्डीतली झटापट आठवा, म्हणजे अंदाज येईल. १९६४ च्या हंगामात जॉनीने ९३ झेल घेतले, तो तेव्हाचा विक्रम होता. घरात चार मुलं.

जॉनीचं खेळणं थांबलं, तेव्हा एका वर्तमानपत्राने त्याला सदर लिहायला सांगितलं. त्याने कळवलं, लिहिणारी मी नाही, माझी बायको आहे. पेपरवाल्यांनी तिला घेतलं. पण सदर छापलं बायकांच्या पानावर, आणि लिहिणारीचं नाव काय टाकलं? ‘मिसेस जॉनी मॉरिस’. जीनी हा शब्दच नाही!

अमक्याची मंडळी, तमक्याची सून, बंड्याची आई. आपल्याला हे समजावून सांगायला नको. बचत गटाच्या वहीत स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिताना आपल्यातल्या कितीजणींचा हात अडखळला होता! जॉनीचा यात दोष नव्हता, दार तर त्यानेच दाखवलं. पण हिशेब असा होता की फुटबॉलबद्दल बाईचं ऐकायचं, तर ते खेळाडूची बायको म्हणून.

पुढे बेअर्सचा सामना मिनेसोटा राज्यात ‘वायकिंग्ज’ संघाशी होता. वार्ताहरांसाठी मैदानावर बंद, उबदार खोली असते. तिथे बायकांना मज्जाव! जीनी परत फिरली नाही. त्या खोलीच्या छतावर, उघड्यावर, पडत्या बर्फात बसून तिने सामना पाहिला आणि बातमी दिली. मिनेसोटाची थंडी म्हणजे आपल्या माघातली थंडी नव्हे. तिथे तळी गोठतात. खाली खोलीत बसलेल्या पुरुषांना काय वाटलं असेल, याचा आम्हाला फार विचार पडतो.

१९७० साली बेअर्सचा खेळाडू ब्रायन पिकोलो कर्करोगाने गेला. वय अवघं २६, मागे तीन लहान मुली. त्याच्यावर जीनीने पुस्तक लिहिलं. १९७१ मध्ये ते आलं, तेव्हा लेखिका म्हणून नाव होतं जीनी मॉरिस.

मग टीव्ही. शिकागोच्या स्थानिक वाहिन्यांवर ती खेळाच्या बातम्या देऊ लागली. जॉनीही टीव्हीवर खेळाच्याच बातम्या सांगायचा. पुढे दोघं वेगळे झाले, पण आडनाव तिने तेच ठेवलं. काहीजणी म्हणतील, मग नवऱ्याचं नाव सुटलं कुठे? आम्हाला वाटतं, तोवर त्या आडनावाला तिची स्वतःची ओळख चिकटली होती.

जानेवारी १९७५. अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, न्यू ऑर्लिन्स शहरात होता. तिथून थेट बातमी देणारी जीनी पहिली बाई ठरली. त्या दिवशी खेळणाऱ्या दोन संघांपैकी एक होता वायकिंग्ज, ज्यांच्या मैदानावर ती छतावर बसली होती तोच. ते ६ विरुद्ध १६ गुणांनी हरले.

क्रीडा पत्रकारितेसाठीचा शिकागोचा रिंग लार्डनर पुरस्कार २०१४ साली पहिल्यांदा एका बाईला मिळाला, तो तिलाच. तेव्हा तिची अठ्ठ्याहत्तरी झाली होती. दुसऱ्याच वर्षी तिचं आणखी एक पुस्तक आलं, कॅरल मोझली ब्राऊन यांच्यावर. अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. डिसेंबर २०२० मध्ये, ८५ व्या वर्षी, जीनी गेली.